सर्चने आपल्याला किती ओळखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: खात्यात लॉगइन असताना एक गोष्ट शोधली, मग तेच शब्द प्रायव्हेट विंडोत टाकून पाहिले. निकाल जवळपास तेच आले, एक-दोन दुवे तेवढे खाली-वर झाले. मग आपली एवढी हिस्ट्री साठवून सर्च इंजिन आपल्याला देतं तरी काय? आणि ती बंद केली तर काही अडेल का?

मी बरीच वर्षं सर्चच्या रँकिंगवर काम करते, म्हणजे एखाद्या शोधासाठी कोणतं पान वर दाखवायचं आणि कोणतं खाली, हे ठरवणाऱ्या यंत्रणेवर. त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकते. वैयक्तिक सर्चचा, म्हणजे माणूस पाहून निकाल बदलणाऱ्या सर्चचा, सामान्य माणसाला उपयोग आहे, पण आपण समजतो तिथे तो नसतो. तुमच्या आवडीनिवडींचं लांबलचक प्रोफाइल बनवून निकाल बदलण्यात तुमचा फायदा थोडाच आहे. तुम्ही आत्ता कुठे आहात, कोणत्या भाषेत वाचता, मघाशी काय शोधत होता आणि हेच पूर्वी शोधलं तेव्हा कोणतं पान उघडलं होतं, एवढ्यात बहुतेक सगळा फायदा येऊन जातो. त्यासाठी वर्षानुवर्षांची हिस्ट्री लागत नाही.

पण आधी तुमच्या प्रयोगाबद्दल. दोन विंडोंमध्ये फरक दिसला की तो आपल्यामुळेच, असं लगेच धरू नका. माणूस तोच, वेळ तीच, शब्द तेच, तरी निकाल वेगळे येऊ शकतात. तुमचा शोध कोणत्या डेटा सेंटरला गेला, तिथली अनुक्रमणिका (वेबवरच्या पानांची सर्च इंजिनने करून ठेवलेली सूची) किती ताजी होती, रँकिंगच्या एखाद्या चालू चाचणीत तुमची विंडो सापडली का, यावरही ते अवलंबून असतं. मोठ्या सर्च इंजिनवर अशा चाचण्या सतत चालू असतात. २०१३ साली नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी गूगल सर्च तपासलं, तेव्हा त्यांनी खऱ्या वापरकर्त्यांच्या निकालांशी ताडून पाहायला कोरी खाती वापरली. कोऱ्या खात्यांतही आपापसांत जो फरक येतो तो बाजूला काढल्यावर वैयक्तिकीकरणामुळे पडलेला फरक सरासरी ११.७ टक्के निकालांत उरला. त्यांनी वेगवेगळं वय, लिंग, शोधांची पार्श्वभूमी असलेली खाती बनवूनही पाहिली. मोजता येण्याजोगा परिणाम दोनच गोष्टींचा मिळाला: लॉगइन असणं आणि आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, कळणारं ठिकाण. म्हणजे तुम्हाला जे दिसलं ते या मोजमापाशी जुळणारंच आहे.

उलट बाजूही लक्षात घ्या. प्रायव्हेट विंडो म्हणजे कोरी पाटी नव्हे. आयपी पत्त्यावरून तुमचं ठिकाण कळतंच, ब्राउझरची भाषा कळते, आणि त्याच विंडोत लागोपाठ शोध घेतलेत तर मागच्या शोधाचा पुढच्यावर परिणाम होऊ शकतो. तेव्हा दोन्ही विंडोंत जे निकाल सारखे आले, त्यांच्यातही तुमच्या ठिकाणाचा आणि भाषेचा वाटा आहे. तो तुम्हाला फरक म्हणून दिसला नाही, कारण तो दोन्हीकडे होता.

आता मूळ मुद्दा. ‘वैयक्तिक सर्च उपयोगी आहे का’ हा प्रश्न असा सरसकट विचारला की उत्तर हाती लागत नाही. ते कोणत्या शोधासाठी, यावर सगळं ठरतं. आमच्या कामात यासाठी एक साधं माप वापरतात: एकाच शोधानंतर वेगवेगळी माणसं कोणते दुवे उघडतात, त्यात किती पांगापांग आहे. त्याला क्लिक एन्ट्रॉपी म्हणतात. सगळे एकच दुवा उघडत असतील तर ती शून्य. निम्मे एक आणि निम्मे दुसरा उघडत असतील तर एक बिट (हे मोजण्याचं एकक). चार दुव्यांमध्ये समान वाटणी असेल तर दोन बिट. एखाद्या संस्थेचं नाव टाकून तिच्या संकेतस्थळावर जाणारी माणसं कितीही वेगळ्या स्वभावाची असोत, त्यांना पान एकच हवं असतं. तिथे तुम्हाला ओळखून सर्च इंजिन काय वेगळं करणार? वेगळं केलं तर बिघडवण्याचीच शक्यता जास्त.

२००७ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यांच्याच एमएसएन सर्चच्या १२ दिवसांच्या लॉगवर, म्हणजे लोकांचे शोध आणि क्लिक यांच्या नोंदीवर, वैयक्तिकीकरणाच्या निरनिराळ्या पद्धती तपासल्या, तेव्हा नेमकं हेच पुढे आलं. जिथे लोकांच्या क्लिकमध्ये पांगापांग जास्त, तिथे चांगला फायदा झाला. जिथे कमी, तिथे जवळजवळ काहीच नाही, आणि काही वेळा निकाल आधीपेक्षा वाईट झाले. दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. ‘याच शोधाला याच माणसाने आधी कशावर क्लिक केलं’ एवढ्यावर बेतलेली साधी पद्धत भरवशाची ठरली. माणसाच्या आवडींचे विषय काढून त्यावरून अंदाज बांधणाऱ्या पद्धती मात्र कधी चालायच्या, कधी फसायच्या.

पांगापांग जास्त असलेला एखादा शोध जवळून पाहू. समजा कोणी फक्त ‘जावा’ एवढंच टाकलं. ती प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, इंडोनेशियातलं बेट आहे आणि मोटारसायकलीचं नावही आहे. पहिल्या पानावर या तिन्हींची खिचडी येते आणि कोणीच पूर्ण खूश होत नाही. पण त्याच माणसाने दोन मिनिटांपूर्वी ‘इंडोनेशिया ज्वालामुखी’ आणि मग ‘मेरापी कुठे आहे’ (हा जावा बेटावरचाच ज्वालामुखी) असं शोधलेलं असेल, तर चित्र स्पष्ट आहे: त्याला बेट हवंय. हे कळायला त्याचं वय, व्यवसाय किंवा गेल्या वर्षीची खरेदी यातलं काहीच लागत नाही, मागचे दोन शोध पुरतात. आता गंमत पाहा. तोच माणूस पेशाने प्रोग्रॅमर असेल आणि त्याचं दोन वर्षांचं प्रोफाइल ‘जावा म्हणजे भाषा’ असं ओरडून सांगत असेल, तर ते प्रोफाइल या क्षणी त्याच्या आड येतं. चालू सेशन, म्हणजे एका बैठकीतले लागोपाठचे शोध, बरोबर असतं आणि इतिहास चूक.

इथे एक बाब प्रामाणिकपणे मांडायला हवी. दीर्घ इतिहास अगदीच निरुपयोगी नाही. सेशनचा पहिलाच शोध असेल, मागेपुढे काही संदर्भ नसेल, तेव्हा जुनी माहितीच काय ती मदतीला असते. २०१२ च्या एका संशोधनात हे छान दिसलं होतं: सेशनच्या सुरुवातीला जुना इतिहास जास्त कामी येतो, आणि शोध पुढे सरकत जातात तसा ताज्या शोधांचा वाटा मोठा होतो. म्हणून दिवसभर एकाच क्षेत्रातल्या संदिग्ध संज्ञा शोधणाऱ्या माणसाला इतिहास ठेवण्याचा थोडा जास्त लाभ मिळेल. बाकीच्यांना त्याऐवजी एक शब्द वाढवून लिहिणं पुरतं. ‘जावा बेट’ असं टाकलं की वैयक्तिकीकरणाला करण्यासारखं फारसं काही उरतच नाही. २०१८ मध्ये गूगलच्या लोकांनी पत्रकारांना सांगितलं होतं ते याच धर्तीवरचं होतं: शोधाच्या शब्दांतच इतका संदर्भ असतो की वैयक्तिकीकरणाला वाव फार कमी, आणि जे होतं ते मुख्यतः ठिकाण आणि लगेच आधीचा शोध यांवरून. याच कंपनीने २००४ मध्ये वैयक्तिक सर्चचा प्रयोग सुरू केला होता, २००५ मध्ये खातेदारांसाठी तो हिस्ट्रीशी जोडला आणि डिसेंबर २००९ मध्ये लॉगइन नसलेल्यांनाही कुकीतल्या (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीतल्या) १८० दिवसांच्या इतिहासावरून तो लागू केला. त्या काळात या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या अपेक्षा प्रचंड होत्या. प्रत्येक माणसाला त्याचं स्वतःचं वेब दिसेल, अशी भाषा होती. प्रत्यक्षात माणसं एकमेकांपेक्षा जितकी वेगळी असतात, तितके त्यांचे शोध वेगळे नसतात.

वैयक्तिक सर्चचा सगळ्यात खरा आणि सगळ्यात कमी गाजलेला उपयोग म्हणजे एकदा सापडलेलं पुन्हा सापडणं. याहूच्या वर्षभराच्या लॉगवर झालेल्या २००७ च्या अभ्यासात सुमारे ४० टक्के शोध या प्रकारचे निघाले. कोणत्याही लॉगमध्ये डोकावलं तरी हे दिसतं. माणूस पहिल्यांदा पाच-सहा प्रकारे शब्द बदलून एक लेख शोधतो. आठवड्याने पुन्हा येतो, त्यातले आठवतील तेवढे दोन शब्द टाकतो आणि त्याच लेखावर सरळ जातो. पण मधल्या काळात रँकिंग बदललं आणि तो लेख तिसऱ्यावरून नवव्यावर गेला, की तोच माणूस गोंधळतो. पान गायब झालं असं समजून पुन्हा शब्द बदलू लागतो, खरं तर पान तिथेच असतं, जरा खाली. अशा वेळी ‘हे पान तुम्ही आधी पाहिलं होतं’ अशी एक बारीक ओळ दाखवली आणि ते होतं तिथेच ठेवलं, तर त्या माणसाची पाच मिनिटं वाचतात. हे वैयक्तिकीकरण मी मनापासून उचलून धरते. यात माणसाबद्दल कसलाही अंदाज बांधलेला नसतो, त्याने स्वतः केलेली गोष्ट त्याला परत दिलेली असते.

मग कंपन्या ‘वैयक्तिक निकालांमुळे लोक समाधानी झाले’ असं सांगतात ते खोटं असतं का? खोटं नसतं, पण मोजण्यात एक सापळा आहे. लोक वरचा दुवा जास्त उघडतात, तो चांगला आहे म्हणून आणि तो वर आहे म्हणूनही. आता तुम्ही पूर्वी उघडलेलं संकेतस्थळ यंत्रणेने वर आणलं, वर आलं म्हणून तुम्ही पुन्हा उघडलंत, आणि ते क्लिक ‘पाहा, यांना हेच आवडतं’ याचा पुरावा म्हणून नोंदलं गेलं. शेतातून दोन-चार माणसं गेली की वाट पडते, आणि वाट पडली म्हणून पुढची सगळी तिथूनच जातात, तसंच हे. दुसऱ्या बाजूने जवळचा रस्ता होता का, हे त्या वाटेवरच्या पावलांवरून कळत नाही.

हा सापळा टाळायला आम्ही दोन गोष्टी करतो. एक, वैयक्तिक आणि साधी अशा दोन्ही क्रमवारींतले निकाल एकाच यादीत आलटून-पालटून मिसळतो, दोघींना वर येण्याची सारखी संधी देतो आणि कोणाच्या खात्यात जास्त क्लिक पडतात ते पाहतो. दोन, क्लिकनंतर माणूस त्या पानावर थांबला का, हे बघतो. साधारण ३० सेकंदांच्या वर थांबला तर काम झालं असावं असं धरायची रीत आहे, लगेच परत आला तर नाही. असं काटेकोर मोजलं की वैयक्तिकीकरणाचे बरेच दावे आक्रसतात. पुन्हा शोधणं, ठिकाण आणि चालू सेशन यांचे फायदे मात्र टिकून राहतात. म्हणूनच मी त्यांच्यावर भर देते आहे.

आता नुकसानीकडे वळते. माणूस नेहमी स्वतःसाठीच शोधत नाही, ही गोष्ट प्रोफाइलला कळत नाही. एखादी डॉक्टर रोज रोगांची नावं टाकून शोधनिबंध वाचते. यंत्रणा शिकते की हिला तांत्रिक पानं हवीत, आणि तिच्या कामाच्या वेळी ते बरोबरही असतं. पण वडिलांना एखाद्या आजाराचं निदान झालं आणि त्यांना समजेल असं काही वाचायला पाठवायचं म्हणून तिने तेच नाव टाकलं, तर सोपी, धीर देणारी पानं खाली ढकललेली असतील. तिला ते कळणारही नाही, कारण काय खाली गेलं हे कोणी दाखवत नाही. मला वैयक्तिक सर्चमधली खरी उणीव हीच वाटते: बदल झालाय हे सांगायचं नाही, आणि तो एका क्लिकवर उलटवायची सोय ठेवायची नाही. जिथे निकालांच्या तळाशी ‘हे तुमच्यासाठी बदललेले आहेत, तसे नको असतील तर इथे पाहा’ असा दुवा असतो, तिथे माझा आक्षेप बराच निवळतो.

आपल्या मताचेच निकाल दाखवणाऱ्या ‘फिल्टर बबल’ची भीती २०११ पासून फार चर्चेत आहे. सोशल मीडियाच्या फीडबद्दल ती चर्चा वेगळी, पण सर्चपुरतं बोलायचं तर पुरावा वेगळीकडे बोट दाखवतो. २०२३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या २०१८ आणि २०२० च्या निवडणुकांच्या काळात लोकांना गूगल सर्चमध्ये काय दिसलं आणि त्यांनी स्वतः काय निवडून वाचलं, याची तुलना होती. एकांगी मजकूर दिसण्यापेक्षा निवडण्यातच जास्त होता. माझा कामातला अनुभवही तोच. निकाल झुकतात ते बहुतेक वेळा शोधाच्या शब्दांमुळे. ‘अमुक औषधाचे धोके’ शोधणाऱ्याला धोके सांगणारी पानं मिळतील आणि ‘अमुक औषधाचे फायदे’ शोधणाऱ्याला फायद्यांची. दोघांची प्रोफाइल पुसून टाकली तरी यात फरक पडणार नाही. एखाद्या विषयावर दुसरी बाजू वाचायची असेल तर सेटिंग बदलण्याआधी प्रश्न बदलून पाहा.

आता चित्र थोडं बदलतंय तेही सांगते. दुव्यांच्या यादीऐवजी थेट लिहिलेलं उत्तर देणाऱ्या एआय सहायकांना तुमच्याबद्दलच्या गोष्टी लक्षात ठेवता येतात. यादीत निदान दहा दुवे समोर असतात, वरचा पटला नाही तर चौथा उघडता येतो. एकच सलग उत्तर मिळालं की त्यातलं कोणतं वाक्य तुम्हाला पाहून बदललं, काय गाळलं, हे डोळ्यांनी ताडता येत नाही. तिथे साठवलेली आठवण अधूनमधून उघडून वाचायची आणि नको ते पुसायचं, एवढं तरी करावं. आरोग्य, पैसा, कायदा अशा विषयांवर मी तर आठवण बंद ठेवूनच विचारते.

आणि साठवणुकीची किंमत. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने संशोधनासाठी म्हणून सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांतले जवळपास दोन कोटी शोध खुले केले. नावांऐवजी क्रमांक दिले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी त्यातल्या एका क्रमांकामागची बाई काही दिवसांतच शोधून काढली, निव्वळ तिने काय काय शोधलं होतं ते वाचून. माणूस कोणालाही सांगत नाही ते सर्चच्या चौकटीत लिहितो. लॉग हाताळणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या आठवड्यात कळतं आणि पुढे कायम लक्षात राहतं. जो इतिहास निकाल सुधारत नाही, तो कुठे तरी पडून राहण्यात तुमचा काही लाभ नाही, धोका मात्र आहे.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पूर्ण बंद करायची गरज नाही, पण मुदत घाला. गूगलच्या खात्यात ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ या सेटिंगमध्ये ३, १८ किंवा ३६ महिन्यांनी हिस्ट्री आपोआप पुसली जाण्याची सोय आहे. २०२० पासून नव्या खात्यांना ती १८ महिन्यांवर लावलेली असते. मी ३ महिने सुचवेन. पुन्हा शोधण्याचे बहुतेक प्रसंग तेवढ्या काळात येऊन जातात, आणि त्यापलीकडे लागणारं पान असेल तर ते बुकमार्क करून ठेवणं कोणत्याही रँकिंगपेक्षा खात्रीचं. जाहिरातींचं वैयक्तिकीकरण हे वेगळं सेटिंग असतं. हिस्ट्रीला मुदत घातली म्हणून ते बंद होत नाही, ते स्वतंत्रपणे बघावं लागेल.

पूर्णच बंद केलं तर काय जाईल? चौकटीत टाइप करताना तुमचे जुने शोध सुचवले जाणार नाहीत. एका उपकरणावर पाहिलेलं पान दुसऱ्यावर शोधताना ‘आधी पाहिलं होतं’ अशी खूण दिसणार नाही. एकेरी, संदिग्ध शब्दांना कधीमधी एक शब्द जोडावा लागेल. ठिकाणानुसार येणारे निकाल मात्र येतच राहतील, कारण ते हिस्ट्रीवर चालत नाहीत, आणि चालू सेशनचा संदर्भही बऱ्याच अंशी राहील. ज्यांना अनेक उपकरणांवर काम करावं लागतं त्यांनी चालू ठेवावं, असं मी म्हणेन.

एकच संगणक किंवा टॅब्लेट घरातले सगळे एकाच खात्यातून वापरत असतील, तर मात्र आजच बंद करा. चार माणसांचे शोध मिसळून बनलेलं प्रोफाइल चौघांपैकी कोणाच्याच कामाचं नसतं, आणि एकाने खासगीत शोधलेली गोष्ट दुसऱ्याला सर्चच्या चौकटीत सूचना म्हणून दिसते. प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल ब्राउझरमध्ये करणं जमत असेल तर उत्तम, नाहीतर त्या उपकरणावर लॉगइनच करू नका.